कान ठणकतो आणि डॉक्टर म्हणतात, पॅरासिटामॉल

गेल्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीचा उजवा कान रात्रभर ठणकला. सकाळी आठ वाजता मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरातल्या आमच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, फोन लावला. दहा मिनिटांची वेळ मिळाली. डॉक्टरांनी दोन्ही कान पाहिले, पडदा लाल झाल्याचे सांगितले, तिचे वजन विचारले आणि पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा द्या एवढेच सांगितले. ते औषध चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते, त्यामुळे मी रिकाम्या हाताने बाहेर पडले आणि मला मनापासून राग आला.

बाहेर पडण्यापूर्वी मी अँटिबायोटिक का नाही, असे स्पष्ट विचारले होते. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. इथल्या फॅमिली डॉक्टरांची संघटना १९८९ पासून आजारागणिक मार्गदर्शिका काढते. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान सुजले असतील, कान वाहत असेल किंवा मूल फार आजारी दिसत असेल, तरच सुरुवातीला अँटिबायोटिकचा विचार होतो. एरवी कान बहुधा आपोआप बरा होतो. तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत या, असे त्यांनी दोनदा बजावले.

त्या ‘परत या’ शब्दांवर मी अजून विचार करते आहे. इथे विम्याचा हप्ता भरला की हाउसआर्ट्सकडे जायला वेगळे पैसे पडत नाहीत. दुसऱ्यांदा जाणे सोपे असते. साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांसमोर मात्र रोजंदारी बुडवून, एसटीने आलेली आई बसलेली असते, आणि ती तीन दिवसांनी पुन्हा येईलच याची खात्री नसते. त्यांनी पहिल्याच दिवशी औषध लिहिले तर त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार मला नाही, कारण त्यांच्याच हाताच्या गुणावर आम्ही भावंडे वाढलो. तरीही भारतात अनेक अँटिबायोटिक्स २०१४ पासून ‘एच-१’ या, चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांच्या यादीत असून, औषधविक्रेत्याने चिठ्ठीची नोंद ठेवणे बंधनकारक असून, ती नुसत्या नावाने मागून मिळतात, हे मला खटकते. माझ्या कपाटातली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची बाटलीही तशीच आणलेली आहे.

दुसऱ्या रात्री मुलगी कळवळली तेव्हा ती बाटली मी खाली काढली, खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालण्याची सूचना वाचली, आणि उद्यापर्यंत थांबायचे ठरवले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वरणभात मागितला. शनिवारी ती बाटली मी इथल्या औषधालयात परत जमा केली.