केंब्रिजमध्ये चर्चिलचे कागद वाचताना

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून गाडी तासाभरात केंब्रिजला पोचते. बहुतेक पाहुणे कॅम नदीच्या होड्यांकडे वळतात. मी नदी ओलांडून पश्चिमेला, स्टोरीज वे रस्त्यावरच्या चर्चिल कॉलेजकडे चालत गेलो. तिथल्या अर्काइव्ह्ज सेंटरमध्ये विन्स्टन चर्चिल यांचे खासगी आणि राजकीय कागद आहेत. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून सव्वा कोटी पौंड मोजून ते देशासाठी घेतले गेले. सार्वजनिक पैसा चर्चिल घराण्याकडे का जावा, यावरून तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. चर्चिलचे कागद आता डिजिटल झाले आहेत, त्यामुळे वाचन बहुतेक पडद्यावरच होतं. पण अक्षर दिसतं, खाडाखोड दिसते, आणि मला तेच हवं होतं.

आधी आईला शाळेतून लिहिलेली पत्रं काढली. भेटायला ये, म्हणून हा मुलगा पुन्हा पुन्हा विनवतो. मग भाषणांचे टंकलिखित मसुदे. त्यातली वाक्यं सलग नाहीत. अभंगाच्या चरणांसारखी तोडून, पायरीपायरीने आत सरकवत टाइप केलेली आहेत. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे कागदावरच ठरलेलं. उत्स्फूर्त वाटणाऱ्या वक्तृत्वामागे किती मेहनत होती, हे बघून मी खरंच थक्क झालो.

मी मात्र पुण्याचा. येरवड्याला आगाखान पॅलेसवरून लहानपणापासून येजा केलेली, त्यामुळे मन १९४३ वर अडकलेलं होतं. त्या वर्षी १० फेब्रुवारीला गांधीजींनी तिथेच, नजरकैदेत, २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. तीन दिवसांनी चर्चिलने व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तार केली: गांधी उपोषणात पाण्यातून ग्लुकोज घेतात असं ऐकतो, खरं आहे का ते तपासा. लिनलिथगोचं उत्तर त्याला सोयीचं नव्हतं. डॉक्टरांनी ग्लुकोज घ्यावं म्हणून प्रयत्न केला, तो गांधींनी साफ नाकारला, असं त्यांनी कळवलं.

या तारा छापील ग्रंथांत कधीच आल्या आहेत, मला माहीत होत्या. तरी तिथे बसून त्यांचा विचार करताना घसा दाटून आला. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई त्याच वास्तूत सहा महिन्यांपूर्वी गेले होते. कस्तुरबा पुढच्या वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. आणि हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला काळजी होती ती ग्लुकोजची.

हा माणूस पुण्याला अनोळखी नव्हता, हे त्याहून विचित्र. १८९६ मध्ये तरुण अधिकारी म्हणून मुंबईत ससून डॉकला उतरताना त्याचा खांदा निखळला, आणि लगेच पुण्याच्या छावणीत मुक्काम झाला. गणेशखिंडीत गव्हर्नरकडे तो जेवलाही होता. आज त्या वास्तूत आपलं विद्यापीठ आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती याच छपराखालची दुसरी ठेव: भारतमंत्री लिओ अ‍ॅमेरी यांची रोजनिशी. ते चर्चिलच्याच पक्षाचे, त्याच्याच मंत्रिमंडळातले. बंगालच्या दुष्काळात धान्याची जहाजं मागत राहिलेले हेच गृहस्थ. भारताबद्दल चर्चिल बैठकीत काय बोलतो, ते त्यांनी लिहून ठेवलं. १९४४ मध्ये तर त्याच्या आणि हिटलरच्या दृष्टिकोनात आपल्याला फारसा फरक दिसत नाही, इथपर्यंत त्यांनी नोंदवलं. चर्चिलचे कागद चर्चिलने जपले, म्हणून त्यांत त्याचा आवाज मोठा आहे. अ‍ॅमेरी शेजारी असल्यामुळे दुसरी बाजूही ऐकू येते.

तिथे जाणाऱ्यांनी आधी वेळ ठरवून जावं. मी जास्त वेळ भाषणांना दिला. मराठी अभ्यासकाने अ‍ॅमेरीपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.