सोमवारचा रकाना

मागच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर एकानं विचारलं, की भावा तू यंदा पन्हाळा-पावनखिंड पायी मोहीम पूर्ण केलीस म्हणे, तुझं मोटिव्हेशन काय ते सांग की जरा. आता काय सांगू. मोटिव्हेशन म्हणाल तर ते माझ्याकडं कायम भरपूर होतं, तरी आधी काही झालं नव्हतं.

सुरुवातीपासनं सांगतो. जुलै 2024 मध्ये मी पहिल्यांदा मोहिमेला गेलो. तयारी शून्य. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, वरनं पाऊस, आणि मी आपला ऑफिसच्या जिन्यावरसुद्धा दम लागणारा माणूस. मसाई पठारावर धुक्यात घोषणा देत मस्त चाललो, पण पठार संपेपर्यंत उजव्या गुडघ्यानं जवाब दिला आणि पुढच्या वाडीतनं मी दुधाच्या टेम्पोत मागं कॅनच्या मधे बसून परत आलो. ड्रायव्हरनं एकदाच विचारलं, "मोहिमेतलं काय?" मी हो म्हटलं. त्यानं पुढं काहीच विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांत, 1 ऑगस्टला, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं. आम्ही कारखान्यात शॉपवर सात-आठ जण एका मोबाईलला चिकटून बघत होतो. सुरुवातीला तो पहिल्या तिनात नव्हता, उभ्यानं मारायच्या टप्प्यात वर आला, 451.4 गुण, आणि आमच्यातला एक फर्नेसवाला अक्षरशः रडला. त्या रात्री मी पाचचा अलार्म लावला. बरोब्बर चार दिवस उठलो. दुसऱ्याच्या मेडलवर आपली गाडी चार दिवसच पळते, हा माझा स्वतःचा आकडा आहे.

मग जानेवारी. नवी डायरी, पहिल्या पानावर दहा किलो कमी करणे, रोज वाचन, सेव्हिंग, लवकर उठणे, रागावर कंट्रोल. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, यातलं एक तरी करा, मग बाकीचं लिहा." 19 जानेवारीनंतर डायरी कोरी. नंतर तिच्यात पोरीनं हत्ती काढलेत.

मी शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथं, क्वालिटीला आहे. आमच्याकडं बोर्डावर कुणी "चांगलं कास्टिंग करूया" असं लिहीत नाही, लिहिलं तर हसतील. बोर्डावर असतं, रिजेक्शन अमुक टक्क्याच्या आत. आणि प्रत्येक शिफ्टला किती पीस गेले ते लिहितातच, पण त्याच्या पुढं कारण लिहितात, ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) किती, सँड ड्रॉप (साच्यातली वाळू पडलेली) किती, मिसरन (साचा पुरता न भरलेला) किती. साचे करणाऱ्या मोल्डरला शिव्या देऊन ब्लोहोल कमी होत नाहीत, वाळूतला ओलावा बघावा लागतो. हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना सांगतोय, आणि घरी मात्र एक दिवस चुकला की "आपल्यात दमच नाही" म्हणून सगळंच सोडून देत होतो. म्हणजे एक पीस फुटला म्हणून भट्टी बंद!

याच नादात थोडं वाचलं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी ध्येय ठरवण्यावर आयुष्यभर काम केलंय, आणि त्यातला लॅथमचा 1975 चा एक अभ्यास मला फार आवडला. अमेरिकेत ओक्लाहोमाला लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या साठेक टक्केच भरून यायचे. ड्रायव्हरना "जमेल तेवढं चांगलं करा" सांगून काही फरक पडत नव्हता, मग नेमका आकडा दिला, 94 टक्के, आणि काही महिन्यांत ट्रक नव्वदच्या आसपास भरून यायला लागले. बक्षीस नाही, पगारवाढ नाही, नुसता आकडा. (आमच्याकडं ऊसवाल्या ट्रॅक्टरना हे सांगायची गरज नाही, ते टार्गेटच्या आधीच दीडशे टक्के भरून निम्मा रस्ता अडवून येतात.)

दुसरं, ते 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते खरं नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण एकवीस दिवस तरी लागतात, आणि लोकांनी "तरी" उडवून बाकीचं फॉरवर्ड केलं. लंडनला फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर बघितलं तर साधारण 66 दिवस निघाले, कुणाला 18, कुणाला हिशोबानं 254 पर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही, हेही त्यांनाच दिसलं. हे आधी कळलं असतं तर माझ्या किती तरी डायऱ्या वाचल्या असत्या.

तर 1 फेब्रुवारीला मी वजन-बिजन सगळं सोडलं आणि एकच ठरवलं, जुलैची मोहीम पायी पूर्ण करायची, आणि त्यासाठी रोज रंकाळ्याला एक फेरी. वजन कमी करणं आपल्या हातात नसतं हो, फेरी मारणं असतं. दूध आणायला खाली उतरलो की वर परत यायचं नाही, तसंच रंकाळ्यावर जायचं, येताना दूध घ्यायचं. बूट दारात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फेरी झाली तर टिक, चुकली तर कारण. "नाही" एवढंच लिहायचं नाही, कारण लिहायचंच.

फेब्रुवारीच्या 28 पैकी 11 दिवस चुकले. जुना मी असतो तर तिथंच संपलं होतं. पण महिनाअखेरीला सवयीनं कारणं वेगळी काढायला बसलो, चहा घेत. पाहुणे 2. सेकंड शिफ्ट 4. आळस 1. बाकी चार ठिकाणी काहीबाही लिहिलेलं, "अ‍ॅसिडिटी", "जड वाटलं", "झोप झाली नाही", "पोट". म्हटलं हे काय निराळं, आणि मग कॅलेंडर नीट धरून बघितलं तर हे चारीच्या चारी एकाच रकान्यात, एकाखाली एक. 3, 10, 17, 24. सोमवार!

रविवारी रात्री आमच्याकडं मटण असतं. भावाच्या घरचे येतात, तांबडा-पांढरा, गप्पा, साडेअकराला पान उचलायचं, त्यावर परत पांढऱ्याची एक वाटी. सोमवारी सकाळी सहाला रंकाळा कुठनं दिसणार. म्हणजे मी ज्याला आयुष्यभर आळस, आळस म्हणत होतो तो अख्ख्या महिन्यात एक दिवस निघाला आणि चार दिवस निव्वळ रस्सा.

रस्सा बंद करायचा प्रश्नच नव्हता, तसलं ध्येय कोल्हापुरात टिकत नाही. मटण रविवारी दुपारी घेतलं, एवढंच. वहिनी पहिल्यांदा थोड्या फुगल्या, मग त्यांनाच रात्रीची भांडी चुकली म्हणून बरं वाटलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री घरी यायलाच बारा होतात, तेव्हा पहाटे उठायचा हट्ट सोडला आणि सकाळी अकराला टाऊन हॉलच्या बागेत फेऱ्या मारायच्या असं आधीच ठरवून ठेवलं. "असं झालं तर तसं करायचं" हे आधी ठरवलेलं असलं की काम जास्त होतं, हे पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानंही दाखवलंय, पण मला ते नंतर वाचायला मिळालं. मार्चमध्ये 31 पैकी 5 दिवस चुकले, त्यातला सोमवार एकच, तोही लग्नामुळं.

मे महिन्यापासनं रविवारी पहाटे जोतिबाला चालत जायला लागलो. वजन म्हणाल तर दीड किलो कमी झालं, कारण गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं व्यसन लागलं होतं. चालतंय की.

जुलैत पोहोचलो. पांढरपाणीच्या पुढं शेवटच्या टप्प्यात पाय माझे नव्हतेच, चिखलात बूट रुतायचा आणि पाय तेवढा बाहेर यायचा, पण टेम्पो नाही घेतला. फोटोत मी हसतोय असं सगळे म्हणतात, ते हसणं नाही, गुडघा आहे.

आणि ग्रुपवर न सांगितलेली गोष्ट म्हणजे त्यानंतर तीन आठवडे मी रंकाळ्याकडं फिरकलोच नाही. काम झालं होतं ना. कॅलेंडरवर रोज एकच कारण, "कशासाठी?". शेवटी बायकोच म्हणाली, "हे कारण तुमच्या कंपनीत चालतं का?" चालत नाही, ऑडिटवाला हाणील. म्हणून आता पुढच्या जुलैसाठी पोरगीला बरोबर न्यायचं ठरवलंय, ती नऊ वर्षांची आहे, तिला अख्खं नाही पण मसाई पठारापर्यंत नक्की. कॅलेंडरवर तिच्या टिकच्या खुणा वेगळ्या पेननं, हिरव्या. परवा आम्ही दोघं पावसात गेलो होतो, तिची फेरी माझ्याआधी झाली. बूट अजून वले आहेत, आत पेपरचे बोळे कोंबून गॅलरीत ठेवलेत.