परळ एका जागी, खुर्ची सूर्याबरोबर

सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्याजवळच्या शेतघरात अंगणातल्या एकाच कोपऱ्यावर वर्षभर पक्षी टिपायचे, असं ठरवून मी मार्चात सुरुवात केली. लेन्स मोठी असली की फोटो मिळतात, हा समज महिनाभरात गेला. पाणी, फांदी आणि सूर्य या तिघांच्या जागा जुळल्याशिवाय काही हाती लागत नाही.

आधी पाणी. कुंभाराकडचा मातीचा परळ (पसरट, उथळ भांडं) घेतला, साधारण ४० सेंटिमीटर रुंद. पाणी कडेला दोन आणि मध्ये जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर. स्टीलचं किंवा गुळगुळीत चिनी मातीचं भांडं नको, पक्ष्यांचे पाय घसरतात आणि स्टील उन्हात तापतं. परळ खोल असेल तर आत खरबरीत दगड ठेवा. झाडाखाली ठेवलेला परळ विष्ठेने आणि पाल्याने दोन दिवसांत घाण झाला. झुडपाला चिकटून ठेवला तर मांजर दबा धरून बसतं. अगदी उघड्यावर ठेवला तर शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या धाकाने लहान पक्षी उतरत नाहीत. झुडपापासून दोन-तीन मीटर हे अंतर मला योग्य वाटतं. पाणी रोज बदलायचं. डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोजच्या बदलाने तो प्रश्नच उरत नाही. एक दिवसाआड परळ काथ्याने घासायचा, साबण न लावता. वर टांगलेल्या डब्याला सुईने भोक पाडून पाच-सहा सेकंदांना एक थेंब पडेल असं केलं, तर हलणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं.

पक्षी थेट पाण्यावर येत नाही, आधी जवळ बसून अंदाज घेतो. तो फोटो सगळ्यात चांगला. म्हणून परळाच्या वर फूट-दीड फुटावर अंगठ्याएवढ्या जाडीची, खरखरीत सालीची फांदी सुतळीने काठीला बांधली. पंधरा दिवसांनी ती बदलावी लागते, कारण विष्ठेचे पांढरे डाग फोटोत ठळक दिसतात.

मी परळापासून पाच मीटरवर, तीन बाजूंनी हिरवी शेडनेट लावून बसतो. हे अंतर हिशेबाने ठरलं आहे. २२ मिलिमीटर रुंद सेन्सर आणि ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर पाच मीटरवर चौकटीत साधारण २८ सेंटिमीटर रुंदी मावते. वीस सेंटिमीटरचा बुलबुल त्यात नेमका बसतो, दहा सेंटिमीटरचा शिंजीर (फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी) एक तृतीयांश जागा घेतो. मात्र एफ ५.६ वर (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे, त्याचा आकडा) स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम तीन सेंटिमीटर असते. पक्षी आडवा बसला तर सगळा स्पष्ट येतो, तोंड आपल्याकडे केलं तर शेपूट पुसट. फोकस डोळ्यावरच हवा.

माझा सर्वात जास्त वेळ गेला तो सूर्यामुळे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबर ते जून या काळात उगवतीची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश उत्तरेकडे सरकते. मार्चात पाठीमागे असलेलं सकाळचं ऊन मे अखेरीस बाजूने येऊ लागलं आणि पक्ष्याचा अर्धा चेहरा काळा पडू लागला. आता परळ हलवत नाही, खुर्ची हलवतो. हिवाळ्यात ती परळाच्या पूर्वेला, थोडी आग्नेयेकडे, उन्हाळ्याच्या शेवटी थोडी ईशान्येकडे. त्या दोन टोकांत पाच मीटरच्या वर्तुळावर चारेक मीटरचं अंतर पडतं. जागा दाखवायला खुंट्या ठोकल्या आहेत. खुर्ची हलली की पार्श्वभूमीही बदलते, म्हणून दोन्ही दिशांना परळाच्या आठ-दहा मीटर मागे हिरवं कुंपण वाढवलं.

एप्रिल-मेमध्ये साडेनऊनंतर लांबचे फोटो घेऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि फोटो मऊ येतो, त्यात लेन्सचा दोष नसतो.

मे अखेरीस, जूनच्या तोंडाला नवरंग पक्षी येतो. तो पाला उलटून किडे शोधतो, म्हणून झाडाखालचा पाला झाडून काढू नये. पावशाचं ‘पेरते व्हा’ तोवर सुरू झालेलं असतं. पावसात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका, काळवंडलेला फोटो नंतर उजळला तर जास्त खराब दिसतो. पाऊस रेषांसारखा हवा असेल तर शटर १/६० सेकंदाच्या आसपास, थेंब गोठवायचे तर १/५०० च्या वर. लेन्सला बुरशी लागते ती याच दिवसांत. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. कापडी पिशवीत लेन्स कधीच ठेवू नये.

विहिरीवरच्या बाभळीत सुगरणी याच वेळी विणतात. घरटी बहुधा पूर्वेच्या बाजूला असतात, नैऋत्येच्या पावसापासून आडोशाला. नर अर्धं घरटं विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडलं तरच लांब नळी पुढे विणतो. इथे मी पंचवीस मीटरच्या आत जात नाही, आणि इतर कुणाच्याही घरट्यासमोरची फांदी छाटत नाही. ती फांदीच सावली आणि आडोसा असते. ती गेली की पिल्लं उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अंडी-घरट्यांना संरक्षण देतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात परीट आणि पाठोपाठ थिरथिरा हे पक्षी येतात. शेणखताच्या ढिगाजवळ एक बुटका ओंडका ठेवला की थिरथिरा त्यावर बसतोच. पावसाळ्यानंतर पिवळ्या पोटाचा आणि गळ्यावर काळी रेघ असलेला शिंजीर दिसला तर नवी जात समजू नका, तो विणीचा पिसारा उतरवलेला जांभळा शिंजीर नर असतो.

फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा फुलतात आणि भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात. फुलांत तोंड घातल्याने त्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि रंग वेगळा भासतो, म्हणून ओळख पटवताना कपाळ सोडून पाठ आणि पंख बघावेत. उघड्या आभाळावर फांदीतला पक्षी टिपताना एक्स्पोजर एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचं, नाहीतर नुसती काळी आकृती मिळते.