सप्तशृंगगड सायकलवर: पंप घरी ठेवून गेलो त्याचा वृत्तांत आणि हवेचा हिशोब

नांदुरीचा घाट मी साडेपाच किलोमीटर सायकल ढकलत पार केला. तोही चढताना नाही, उतरताना. डिसेंबरची सकाळ, मोकळा रस्ता, पुढं सगळा उतार, आणि मी हॅंडल धरून पायी. खिशात नवी ट्यूब नव्हती, पण जुनी होती, ठिगळं होती, सोल्युशन होतं, टायर रिमवरून काढायचे लिव्हर होते. हवा नव्हती. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

मी आणि माझा आत्येभाऊ विलासदादा, दोघंच. नाशिक ते गड, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. एका बाजूचं अंतर साधारण ६० किलोमीटर, त्यातले शेवटचे १० नांदुरीपासूनच्या घाटाचे. माझी हायब्रिड सायकल, ७०० बाय ३२ चे, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद टायर, बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह. दादाचीही तीच चाकं. पंचवटीतून म्हसरूळमार्गे दिंडोरीपर्यंतचा भाग मजेत गेला, द्राक्षबागा बघत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

निघायच्या दोन दिवस आधी ब्रेकपॅड बदलायला सायकल दुकानात नेली होती. फ्रेमला लावलेला माझा पंप बघून तिथल्या माणसानं सांगितलं, "हे कशाला वागवताय? सीओटू घ्या. दहा सेकंदांत टायर टाईट. हल्ली सगळे हेच नेतात." सीओटू म्हणजे दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड. त्याची १६ ग्रॅमची दोन काडतुसं आणि ती व्हॉल्व्हला जोडायचं पितळी हेड, असे ९०० रुपये दिले आणि पंप काढून घरी खुंटीला टांगला. ज्या शहरातून महाजन बंधू २०१५ साली रॅम, म्हणजे अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत, पूर्ण करून आले, तिथं सायकलच्या दुकानात सल्ला चुकीचा मिळेल असं मनातही आलं नाही. दहा सेकंद ही गोष्ट खरी होती. बाकीचं त्यानं सांगितलं नाही, आणि तेच खाली लिहितोय.

पहिलं पंक्चर वणीच्या पुढं, दुपारी चारच्या सुमाराला, मागचं चाक. टायरच्या आतून बोट फिरवलं तर काहीच लागेना. रुमाल फिरवल्यावर धागा अडकला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी तार होती. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून अशा तारा रस्त्याच्या कडेला पडतात, आणि आपण नेमके कडेनंच चालवतो. नखानं निघाली नाही, शेवटी दादाच्या नेलकटरनं ओढली. रुमाल फिरवायची सवय लावून घ्या. तार आत राहिली तर तुम्ही कशानंही हवा भरा, दोन किलोमीटरवर परत खाली.

नवी ट्यूब घातली, काडतूस लावलं, आणि खरंच, बघता बघता टायर उभा राहिला. काडतुसावर पांढरं दव धरलं, बोटं बधिर झाली. उघड्या हातानं धरू नका, कातडी चिकटते. मोजा नाहीतर गळ्यातला बफ (कापडी पट्टा) गुंडाळा. हेड काढताना थोडा गॅस फस्सकन गेला, पण टायर अंगठ्याला घट्ट लागत होता. मी खूश. घाट चढलो, अंधार पडता पडता गडावर पोचलो. दर्शन छान झालं.

सकाळी सायकलला हात लावला तर मागचा टायर मऊ. अंगठा सरळ आत जात होता. मला वाटलं, तारेचा दुसरा तुकडा राहिला. चाक काढलं, ट्यूब काढली, भक्तनिवासातून बादली मागून आणली, ट्यूब तसूतसूनं पाण्यात बुडवली. बुडबुडा एक नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, तिथंही काही नाही. पाऊण तास गेला.

ट्यूबला काही झालंच नव्हतं. कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या ब्युटाइल रबरात विरघळतो आणि रबरातून आरपार बाहेर पडतो, साध्या हवेच्या कितीतरी पट वेगानं. साधी हवा आठवड्याला थोडी थोडी उतरते. हा गॅस एका रात्रीत जाणवेल इतका जातो. परत आल्यावर मी घरी मोजलं: रात्री ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), दुसऱ्या रात्री ४७, तिसऱ्या रात्री ३०. त्याच ट्यूबमध्ये पंपानं हवा भरली तर तीन दिवसांत २ पीएसआयसुद्धा उतरली नाही. म्हणजे सीओटूनं भरलेला टायर घेऊन घरी जायचं आणि त्याच दिवशी गॅस सोडून साधी हवा भरायची, एवढाच त्याचा उपयोग. मुक्कामाच्या सहलीत एकट्या सीओटूवर विसंबणं चूक आहे. दुकानातल्या त्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं की नाही?

तपासायच्या नादात ट्यूबमध्ये होता तोही गॅस मी सोडून दिला होता. आता दुसरं काडतूस. काल वापरल्यावर हेडचा नॉब मी पूर्ण बंद केलेला नव्हता. काडतूस फिरवत गेलो, आतली सुई टोचली आणि अर्ध्याहून जास्त गॅस माझ्या मनगटावर. जे उरलं त्यात टायर जेमतेम आकारात आला. काडतूस लावण्याआधी नॉब बंद आहे की नाही ते दोनदा बघा. पंपाच्या बाबतीत चूक झाली तर पुन्हा दांडा मारता येतो. इथं तुमच्याकडं मोजून दोनच चुका असतात.

विलासदादाकडं बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता, मुठीत मावणारा. तो दिवाळीत चार्ज केला होता, त्यानंतर दादानं दोनदा घरी वापरलेला. सुरू केला, २० पीएसआयपासून चढत ३८ पर्यंत गेला आणि बंद पडला. रात्री खोलीत चार्जिंगला लावायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, मोबाईल मात्र दोन्ही लावलेले. तिथंच थांबून अर्धा तास चार्ज करायला हवा होता. ही माझी घाई. बादलीत पाऊण तास घालवल्यामुळं मी चिडलेला होतो, आणि चिडलेल्या माणसानं घाट उतरायचा निर्णय घेऊ नये.

३८ पीएसआयवर ३२ चा टायर आणि माझं ७८ किलो वजन, वर सामान. वळणावर मागचं चाक लोण्यासारखं सरकत होतं. साधारण साडेचार किलोमीटर उतरल्यावर एका खड्ड्याची धार लागली, रिम टेकल्याचा ठण्ण आवाज आला आणि टायर बसला. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. साप चावल्यासारख्या दिसतात. टायर आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली की असं होतं, कारण फक्त एक: हवा कमी. ठिगळ लावता आलं असतं. पण भरायचं कशानं?

त्या घाटात मला एकही पंक्चरवाला दिसला नाही. हे लक्षात ठेवा. दादाला पुढं पाठवलं, त्यानं नांदुरीत एक टायरचं दुकान शोधलं आणि फोन केला, "ये हळूहळू, इथं कॉम्प्रेसर आहे." गाड्या हॉर्न देत जातायत, पेडलला अडकणारे क्लीट्सचे बूट उतारावर घसरतायत, मागचं चाक रिमवर जाऊ नये म्हणून सायकल मागून अर्धी उचललेली. पावणेदोन तास. खांदा दोन दिवस धरला होता.

दुकानात पुढचा धक्का. कॉम्प्रेसरचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं, जाड. प्रेस्टा बारीक. बसतच नाही. मग मालकानं तंबाखूच्या डबीतून एक काळी पडलेली पितळी टोपी काढली, करंगळीच्या नखाएवढी. प्रेस्टावर फिरवली की तेच तोंड मोटारीचं होतं. दोन ठिगळं, हवा आणि ती टोपी मिळून ३०० रुपये. मी मालकाला म्हटलं, "दादा, जरा जास्त होतंय." तो म्हणाला, "मग वणीत बघा." वणी तिथून दहा किलोमीटरच्या वर. दिले ३००. नाशिकला आल्यावर तीच टोपी २५ रुपयांना मिळाली. चार घेतल्या; एक विलासदादाला, एक भाचीला, दोन मला. त्या माणसाचा राग अजून आहे, पण २५ रुपयांची वस्तू सोबत नव्हती हा दोष त्याचा नाही.

आणखी एक त्याच दुकानातलं. ट्रकच्या कॉम्प्रेसरनं सायकलला हवा भरणं धोक्याचं आहे. आपल्या ट्यूबमध्ये जागा जेमतेम दीड-पावणेदोन लिटर. त्यानं नळी एकदा दाबली आणि टायर दगड झाला. नळी स्वतःच्या हातात घ्या, क्षणभर दाबा, सोडा, अंगठ्यानं बघा, परत दाबा. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, तो दुकानदाराला आधी दाखवा. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, पण तिथंही तोंड मोटारीचंच, म्हणजे टोपी हवीच.

आता निवाडा. घरी परतल्यावर मी व्हरांड्यात बसून सगळं पुन्हा करून पाहिलं, एकाच चाकावर, दाब मोजून.

हातपंप, नळीवाला, खुंटीवरचा तोच: ६५ पीएसआयला २३५ दांडे, साडेचार मिनिटं. घाम येतो, शेवटचे पन्नास जड जातात. पण तो संपत नाही. तीन पंक्चर झाली तरी तीनदा भरेल. घेताना नळी असलेलाच घ्या. थेट व्हॉल्व्हवर बसणारा आखूड पंप जोर लावताना हलतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. माझी एक चांगली ट्यूब तशी गेलेली आहे. नळी फिरवून बसवायची असेल तर आधी व्हॉल्व्हचा आतला गाभा बोटांनी घट्ट करा, नाहीतर नळी सोडवताना गाभाच तिच्याबरोबर बाहेर येतो आणि सगळी मेहनत हवेत. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) रुंद टायर असतील तर जाड नळकांड्याचा पंप. बारीक टायरला बारीक. बारीक पंपानं रुंद टायर भरायला बसाल तर दांडे मोजायचं सोडून द्याल.

सीओटू: १६ ग्रॅममध्ये माझा ३२ चा टायर, काही वाया न घालवता, ७५ च्या आसपास जातो. बारीक रोड टायरला भरपूर. पण २९ बाय २.२ च्या एमटीबी टायरला हाच गॅस २५ पीएसआयच्या आसपासच पुरतो, कारण आतली जागा तिपटीहून जास्त. हे गणित दुकानात कुणी सांगत नाही. हायवेवर अंधारात, ट्रक अंगावरून जात असताना लवकर निघायचंय, किंवा ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) वेळ टळतेय, तर एक काडतूस जरूर ठेवा. पंपाच्या जोडीला. पंपाऐवजी मुळीच नाही.

बॅटरीचा पंप: पूर्ण चार्ज करून दादाचा लावला तर दीड मिनिटात ६५, आणि दोन टायर झाले. तिसरा अर्ध्यात सोडला. तोंड इतकं तापतं की हात लावता येत नाही, सोबत छोटी नळी मिळते ती वापरा. दाब आकड्यात दिसतो ही मोठी सोय. अंगठ्यावर विसंबून मीच फसलो होतो. ज्यांना खांद्याचा, मनगटाचा त्रास आहे त्यांनी हाच घ्यावा, पण आदल्या रात्री मोबाईलच्या आधी तो चार्जिंगला लावायचा, आणि जोडीदाराकडं हातपंप असलाच पाहिजे.

गडावर जाणाऱ्यांनी आणखी एवढं करा: वरून उतरायच्या आधी दोन्ही टायर दाबून बघा आणि शंका असेल तर वरच भरा. आमच्यासारखे दोघं असाल तर दोन ट्यूब प्रत्येकी न्या, एक पुरत नाही. पितळी टोपी व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, पिशवीत ती हरवते.

माझा पंप परत फ्रेमवर बसवलाय. बाटलीच्या स्टॅंडचे स्क्रू थोडे लांब लागले, हार्डवेअरमध्ये दहा रुपयांत दोन मिळाले. उरलेला प्रश्न विलासदादाचा: रस्त्यावर मोजायला दाबमापक वेगळा घ्यावा की मापक असलेला पंप? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा, फेब्रुवारीत आम्ही परत नांदुरीचा घाट चढतोय.