ग्रीक स्ट्रीट ते थेम्सकाठ: पेंटँगलच्या मागावर

लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनातून वर आलो आणि सोहो स्क्वेअर ओलांडून ग्रीक स्ट्रीटवर ४९ नंबरपाशी थांबलो. साठच्या दशकात इथल्या तळघरात ‘लेस कझिन्स’ हा फोक म्हणजे लोकसंगीताचा क्लब होता. वर ग्रीक खाणावळ, खाली शनिवारी रात्रभर गाणं. बर्ट जान्श आणि जॉन रेनबोर्न हे गिटारवादक इथे वाजवायचे. अमेरिकन गायक बिग बिल ब्रून्झीचं ब्लूज जान्शने जीव ओतून ऐकलेलं, आणि ते त्याच्या बोटांत कायम राहिलं.

१९६७ मध्ये जॅकी मॅकशीचा आवाज, डॅनी थॉम्प्सनचा डबल बास आणि टेरी कॉक्सचे ड्रम्स या दोघांना येऊन मिळाले आणि पेंटँगल हा बँड उभा राहिला. थॉम्प्सन आणि कॉक्स अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज बँडमध्ये तयार झालेले. माझ्या मते बँड घडला तो थॉम्प्सन आणि कॉक्समुळे. शतकांपूर्वीची इंग्लिश लोकगीतं तशीच राहिली, पण त्यांच्याखाली बास मोकळा फिरायला लागला.

हेडफोनवर पेंटँगलचं ‘लाइट फ्लाइट’ लावून चेरिंग क्रॉस रोडने उतरलो. रूपक, झपताल ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला पाच-सातचे हिशोब परके नाहीत. पण आपल्याकडे ताल एकदा धरला की आवर्तन तेच राहतं. इथे पाचातून सातात, सातातून सहात जातात आणि मॅकशीचा सूर जराही हलत नाही. बोटांवर मात्रा मोजत चालत होतो, सिग्नलला थांबून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. १९६९ च्या ‘बास्केट ऑफ लाइट’ अल्बममधलं हे गाणं बीबीसीच्या मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि तळघरातली मंडळी घराघरांत पोचली. त्याच अल्बममध्ये रेनबोर्नने सतारही वाजवली आहे.

ट्राफल्गार चौक मागे टाकून पादचारी पुलाने थेम्स ओलांडली की समोर रॉयल फेस्टिव्हल हॉल. त्यांच्या ‘स्वीट चाइल्ड’ अल्बमचा अर्धा भाग जून १९६८ मध्ये इथल्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाला. ग्रीक स्ट्रीटहून इथवर रमतगमत अर्धा तास लागतो. त्यांनी हे अंतर जेमतेम वर्षभरात कापलं!

१९७० च्या ‘क्रूएल सिस्टर’मध्ये त्यांनी फक्त पारंपरिक गाणी घेतली, त्यातलं एक तर अठरा मिनिटांचं. खप घटला. मला मात्र त्यांचा हाच अल्बम सगळ्यांत धाडसी वाटतो. १९७३ मध्ये बँड फुटला. २००८ मध्ये हे पाचही जण याच हॉलमध्ये पुन्हा एकत्र वाजले, आणि जान्शची शेवटची मैफलही इथेच झाली, ऑगस्ट २०११ मध्ये.