तासिका तत्त्वावरचं गरोदरपण

माझं सासर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीचे तास आणि प्रॅक्टिकल. जितक्या तासिका घेतल्या तितक्याचेच पैसे, तेही काही महिने साचून एकदम. नेमणुकीचं पत्र सत्र सुरू झाल्यावर हातात पडतं आणि सत्र संपलं की नोकरीही संपते.

मला दिवस गेले तेव्हा जो तो म्हणायचा, "बरं झालं, अर्ध्याच दिवसाची नोकरी आहे." मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. पूर्ण वेळच्या बाईला रजा मागता येते. माझ्या हजेरीपटात रजेचा रकानाच नाही. ज्या दिवशी चक्कर येऊन घरी पडून राहिले त्या दिवसाचे पैसे गेले, आणि नेमके त्याच दिवशी रिक्षाला, औषधाला पैसे लागले. आमच्या भागात अशा कितीतरी जणी आहेत. कोणी पतसंस्थेत दुपारपर्यंत बसते, कोणी सेतू केंद्रात फॉर्म भरते, कोणी शाळेत खिचडी शिजवते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीचे तीन महिने उलट्यांनी खाल्ले. सकाळची एसटी, डिझेलचा वास, आणि पोचल्यावर प्रयोगशाळा. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने आहेत. झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि त्या दिवसांत पोटातलं सगळं वर यायचं. फॉर्मॅलिनची वाफ गरोदर बाईनं टाळायचीच असते, म्हणून मी विभागप्रमुख सरांना सरळ सांगितलं की बरण्यांचं प्रॅक्टिकल मी घेणार नाही, त्याऐवजी वनस्पतींचं घेईन. सरांनी अदलाबदल करून दिली. पोटुशी असल्याचं तिसऱ्या महिन्याआधी कुणाला सांगू नये असं घरी म्हणत होते. मी सांगितलं, कारण न सांगता त्या बरण्यांपासून लांब राहणं शक्य नव्हतं.

दवाखान्यातून उलट्यांवरची डॉक्सिलामिन आणि बी-6 ची गोळी मिळाली. तिनं झोप येते, म्हणून ती रात्री घ्यायची. उशाशी डब्यात मुरमुरे-फुटाणे ठेवायचे आणि पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी मूठभर खायचे, हे मला आशाताईनं सांगितलं आणि त्याचा गोळीइतकाच उपयोग झाला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, लघवी गडद पिवळी होऊन कमी झाली असेल, तर "या दिवसांत होतंच असं" म्हणून घरी बसायचं नाही. मला एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावावं लागलं, तेव्हा कुठे डोळ्यांपुढची अंधारी गेली.

मग रक्ताची गोष्ट. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.8 आलं. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि 7 च्या खाली गेलं तर तो गंभीर. त्याच्या आधीपासून मला खडू खावासा वाटत होता. फळ्यावर लिहिताना हातातल्या खडूचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा वास येतो तशी ओढ होती ती. स्टाफरूमच्या टेबलावर खडूचा उघडा खोका असायचा, तिथून नजर हटायची नाही. डॉक्टर मॅडमनी स्वतःहून विचारलं, "माती, खडू, राख खावीशी वाटते का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, शरीरात लोह कमी झालं की अशी इच्छा होते, हे डोहाळे समजून सोडून द्यायचं नाही.

आमच्या पट्ट्यात रक्त कमी म्हटलं की सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करतातच, आणि ती करायलाच हवी. माझी पहिली, सोल्युबिलिटी नावाची चाचणी पॉझिटिव्ह आली. पक्क्या निदानासाठी रक्त यवतमाळला गेलं. मी वाहक निघाले, म्हणजे आजारी नाही, पण सिकलचा एक जनुक माझ्यात आहे. घरात एकदम सन्नाटा. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरात असं कोनालेच नाही, बाई." मी वर्गात आनुवंशिकता शिकवते, तोच तक्ता वहीच्या पानावर काढून ह्यांना दाखवला. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. एकच वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल तर बाळाला आजार होत नाही, फार तर तेही वाहक होईल. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी तपासणी करून घेतली आणि ती नॉर्मल आली. नवऱ्याची तपासणी व्हायला आमच्याकडे पुष्कळ वेळ लागतो, ती आधी करवून घ्या. आणि नुसतं वाहक असल्यानं सहसा रक्त कमी होत नाही. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं तर लोहच तळाला गेलेलं होतं, म्हणजे इलाज लोहाचाच.

लोहाच्या गोळ्या मला मिळत होत्या आणि मी घेतही होते. पण आमच्या घरी सकाळी पहिला चहा, आणि चहासोबत लोहाची गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घ्यायची नसते. मग लोह रात्री लिंबूपाण्यासोबत आणि कॅल्शियम जेवणानंतर असं ठरवलं. शौचाला काळं होतं, खडा होतो, त्याला घाबरून गोळ्या उकिरड्यावर फेकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काळं होणं ही गोळीचीच खूण आहे. सासूबाईंचं आणखी एक म्हणणं असायचं, "लय खाशील तं लेकरू मोठं होईन, मंग सिजर लागन." त्यांच्याशी वाद घातला नाही. आशाताईला घरी बोलावलं, तिनं त्यांच्यासमोर वजनाचं कार्ड उघडलं, आणि त्या दिवसापासून सासूबाईंनीच अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, चवळी, जवसाची चटणी माझ्या ताटात वाढायला घेतली.

गोळ्यांनी पुरेसं वाढेना, तेव्हा शिरेतून लोह (आयर्न सुक्रोज) द्यायचं ठरलं. ते एकदाच देऊन भागत नाही, दिवसाआड जावं लागतं. म्हणजे दिवसाआड तासिका बुडणार. मी उजव्या हाताला सुई लावू दिली नाही, डाव्या हाताला लावून घेतली आणि मांडीवर चाचणी परीक्षेचे पेपर घेऊन तपासत बसले. शेजारच्या खाटेवर सातव्या महिन्यातली एक बाई होती, कापूस वेचणीवरून आलेली. बोटांच्या पेरांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या. कमरेला फडकं बांधून त्यात कापूस भरत जायचा आणि ते ओझं घेऊन ओळीतून पुढे सरकायचं, पोटावर ताण येतो म्हणून तिनं फडकं बाजूला बांधायला घेतलं होतं. मजुरी किलोवर. तिनं माझे पेपर बघितले, मला विचारलं, "मॅडम, तुमचा पगार कापतेत का आज आल्याचा?" मी म्हटलं, पगार नाही, तासिकेचे पैसे, ते मिळणार नाहीत. ती म्हणाली, "मंग आपलं सारखंच हाय. तुमचा तास गेला, माहा कापूस गेला."

एम.एस्सी., बी.एड. करून मी ज्या हिशोबात उभी आहे तो हिशोब तिनं एका वाक्यात मांडला. नगावर मोल ठरलं की दुखणाऱ्या शरीराला दंड बसतो, मग ते फळ्यापुढे असो की पऱ्हाटीत. त्यानंतर मी विभागप्रमुखांना भेटून वेळापत्रक बदलून मागितलं. माझ्या सगळ्या तासिका आठवड्याच्या तीन दिवसांत बसवल्या, उरलेले दिवस दवाखान्याला. तासिका तेवढ्याच राहिल्या, बुडणं थांबलं, शिवाय एसटीचा प्रवास कमी झाला. हे बहुतेक ठिकाणी जमू शकतं, पण मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही.

पाण्याबद्दलही सांगायलाच हवं. बायकांचं शौचालय बंद असतं किंवा जाण्यासारखं नसतं, म्हणून आम्ही बाहेर असताना पाणीच पीत नाही. गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो, सिकल वाहक बाईला जास्तच. मला जळजळ सुरू झाली, तपासणीत संसर्ग निघाला, औषधानं गेला. मग शिपाई काकांकडून शौचालयाची एक किल्ली मी स्वतःजवळ मागून घेतली. ती आता स्टाफरूममधल्या खिळ्याला टांगलेली असते, सगळ्याजणी वापरतात.

आठव्या महिन्यात पाय सुजले, चप्पल बसेना. पायाची सूज पुष्कळ जणींना येते, पण माझा रक्तदाब 150/100 निघाला. 140/90 किंवा त्याच्या वर गेला की तो वाढलेला धरतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, 2016 पासून ती चालू आहे, त्यातच हे कळलं. लघवीत प्रोटीन नव्हतं. रक्तदाबाची लॅबेटालॉलची गोळी सुरू झाली आणि कार्डावर लाल स्टिकर लागलं, म्हणजे जोखमीची माता. शेजारच्या बायका स्टिकर पाहून हळहळल्या. मला ते स्टिकर फार कामी आलं. रांगेत कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, कार्ड पाहिलं की सिस्टर आधी बीपी घ्यायच्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगडीखाली पोटात दुखणं, ही लक्षणं दिसली तर तास सोडून तसंच निघायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. मी ती लक्षणं दोन विद्यार्थिनींना आणि बाजूच्या वर्गावरच्या सरांना सांगून ठेवली, 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबरही. घरी लोणचं, पापड आणि मीठ लावलेले शेंगदाणे माझ्यापुरते बंद झाले.

आता प्रश्न उभं राहण्याचा. लागोपाठ तासिका उभं राहून घेणं शक्य नव्हतं. मी खुर्ची मागितली तर वरून उत्तर आलं, बसून शिकवलं की वर्गावर वचक राहत नाही. बडे बाबू म्हणाले, "मॅडम, तासिकावाल्यांले सुट्टीबिट्टीचा नियम लागत नाही." मग मी कायदा वाचला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच लिहिलेलं आहे की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती रजेवर नसेल तर तेव्हाही, बाईनं विनंती केल्यास तिला खूप वेळ उभं राहावं लागेल असं काम द्यायचं नाही. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची केली, आणि मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असणं ही तिची अट आहे. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या कामगार बायकांच्या प्रकरणात सांगितलं आहे. या तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत.

मी अर्ज दिला. खुर्ची मिळाली, दुसऱ्याच दिवशी. रजेच्या पैशाचं उत्तर मला आजवर लेखी मिळालेलं नाही. तोंडी सांगितलं गेलं की तासिकेवरून दिवस मोजता येत नाहीत. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा मी खुर्चीत बसून घेतल्या आणि नंतर डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं, ते बिनपगारी.

बाळंतपण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालं, सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवून. पूर्वी आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळला शकुंतला रेल्वे जायची, ती बंद पडून काही वर्षं झाली. आम्ही 102 च्या गाडीनं गेलो. मुलगी झाली, वजन 2.3 किलो, छान आहे. बाळंतपणानंतरही माझं बीपी लगेच उतरलं नाही. बाळ झालं म्हणजे धोका टळला असं समजून गोळी बंद करू नका, डॉक्टर सांगतील तोवर मोजत राहा. मातृ वंदना योजनेचे 5,000 रुपये दोन हप्त्यांत आले, 3,000 आणि 2,000. नियमित सरकारी नोकरीतल्या बायकांना ते मिळत नाहीत, पण आपण नियमित नाही, म्हणून कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर फॉर्म भराच. आधारला जोडलेलं बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं.

अर्ज कसा लिहायचा ते पुष्कळ जणी विचारतात. साध्या कागदावर, दोन प्रतींत. आपलं नाव, काम, अपेक्षित तारीख, दवाखान्याच्या कार्डाची झेरॉक्स. "मला दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये आणि मातृत्व लाभाबाबत लेखी कळवावे" एवढी दोन वाक्यं पुरेत. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडायचं नाही. नव्या सत्राच्या मुलाखती लागल्या की मी मुलीला सासूबाईंजवळ ठेवून जाणार आहे. नेमणुकीचं पत्र हाती आलं की सही करण्याआधी मागच्या अर्जाची ती शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवून उत्तर मागणार आहे.