थंडी उतरू लागली की गळ बारीक करायचा

दोन-चार गार सकाळी आल्या की काठावरची तक्रार ठरलेली: मासा गेला. मासा कुठेही गेलेला नसतो. पाणी तेच, मासे तेच, फक्त त्यांची भूक उतरलेली असते. ट्यूनासारखे मोजके अपवाद सोडले तर माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातली सगळी उलाढाल साधारण निम्म्यावर येते, काही जातींत एक तृतीयांशावर. जे अन्न एका दिवसात जिरायचं त्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि आपण मात्र उन्हाळ्यातलाच जाड दोरा, मोठा गळ आणि मासे जमवायला पाण्यात टाकायचा घमेलंभर चारा घेऊन बसतो. थंडीतल्या रिकाम्या पिशवीचं खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

म्हणून आधी पाण्याचं तापमान. हवेचं नव्हे. साधा थर्मामीटर दोरीला बांधून तळाशी सोडला तर वर येताना तो वरच्या पाण्याचा आकडा घेऊन येतो, आणि फसगत होते. त्यापेक्षा अरुंद तोंडाची छोटी बाटली घ्यायची, काठावरच पाण्याने भरायची, थर्मामीटर आत ठेवायचा आणि मानेला ५० ग्रॅमचं शिसं बांधून तळाशी सोडायची. दहा-पंधरा मिनिटांत आतलं पाणी बाहेरच्याइतकं होतं. मग भरभर ओढून, थर्मामीटर बाटलीतच ठेवून आकडा वाचायचा. तारखेसह वहीत लिहून ठेवला की दुसऱ्या वर्षी हीच वही कुठल्याही महागड्या रिळापेक्षा जास्त कामाची ठरते.

आकड्याचा अर्थ जातीवर ठरतो. रोहू, कटला, मृगळ ही उबदार पाण्याची मंडळी. पाणी २० अंशांखाली गेलं की त्यांचं खाणं घटू लागतं आणि १५ च्या आसपास जवळजवळ थांबतं. सायप्रिनस (कॉमन कार्प) जास्त सोशिक. तो १० अंशांपर्यंत अधूनमधून तोंड लावतो, त्याखाली मात्र तळाशी धरून बसतो. ट्राउटचं उलट, त्याला गारच पाणी मानवतं. पण नुसत्या आकड्यापेक्षा कल जास्त बोलतो. सलग चार दिवस १७ वर स्थिरावलेलं पाणी हे काल २१ असून आज १८ झालेल्या पाण्यापेक्षा चांगलं. अचानक उतार आला की पहिले दोन दिवस घरी बसून गळ बांधावेत.

खोल तळ्यांत आणि धरणांत याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळाभर वर कोमट आणि खाली गार असे थर झालेले असतात. खालच्या थरातला प्राणवायू संपत आलेला असतो, त्यामुळे मासा वरच्या भागात राहतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसू लागतं. वाऱ्याची साथ मिळाली की सगळं पाणी ढवळून निघतं. पाणी गढूळतं, तळाची कुजलेली पानं वर येतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. ते काही दिवस मासा विखुरलेला आणि सुस्त असतो, तेव्हा नदी गाठावी किंवा दोन मीटर खोलीचं उथळ तळं, जिथे असे थर टिकतच नाहीत. घुसळण संपली की मात्र प्राणवायू तळापर्यंत पोचलेला असतो. शिवाय गार पाण्यात तो जास्त विरघळतो: ३० अंशांना लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, २० ला ९, १० ला ११ च्या वर. आता खोल जागा पुन्हा चालू लागतात.

वेळेचं गणितही उलटतं. भल्या पहाटे जाण्याची सवय थंडीत मोडावी लागते, कारण पाणी सगळ्यात गार तेव्हाच असतं. सकाळी अकरानंतर दुपारी चारपर्यंत हा खरा वेळ. दक्षिण गोलार्ध सोडला तर दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून उत्तरेकडचा काठ जास्त तापतो. दगडी बांध, काळा चिखल, वाळलेल्या लव्हाळ्याची कड अशा जागा आजूबाजूपेक्षा अर्धा-एक अंश उबदार मिळतात आणि मासा तेवढ्यासाठी सरकतो. उन्हाळ्यात वारा ज्या काठावर लाटा आपटतो तो काठ धरायचा असतो. गार वाऱ्यात तो सोडायचा आणि आडोशाला बसायचं. रात्रभर ढग असतील तर दुसरा दिवस सोडू नये. ढगांच्या गोधडीखाली पाणी फारसं उतरत नाही.

आता चारा. थंडीत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. पोट भरलेला मासा उन्हाळ्यात तासाभरात पुन्हा येतो, थंडीत तो त्या दिवसापुरता संपला. उन्हाळ्यात दोन किलो चारा लागत असेल तर थंडीत पूर्ण बैठकीला पाव किलो पुरे. तो २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून घ्यायचा, म्हणजे वास पसरतो पण खायला काही हाती लागत नाही. पाणी एकदम ओतायचं नाही. थोडं शिंपडून कालवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, कोरडा वाटला की पुन्हा शिंपडायचं. लिंबाएवढा गोळा करून बादलीत टाकून पाहावा: तळाला टेकल्यावर एक-दोन मिनिटांत फुटला पाहिजे. बुडतानाच सुटला तर तो कोरडा आहे आणि वरच बारीक मासे गोळा करील. पाच मिनिटं तसाच बसून राहिला तर पाणी जास्त झालंय किंवा गोळा फार दाबलाय. असे चार गोळे सुरुवातीला, मग अर्धा तास हात आवरायचा. चाव मिळाल्यावर एक. चाव मिळत नाही म्हणून आणखी चारा टाकणं ही थंडीतली सगळ्यात लोकप्रिय चूक असावी.

चाऱ्यात तेल घालणारे खूप आहेत. गार पाण्यात तेल दाटतं आणि वास सोडत नाही, खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच गोठतं. पेंड वापरायची तर तेल काढून घेतलेली कोरडी, आणि वासासाठी पाण्यात विरघळणारं काहीतरी: गूळ, यीस्ट, आंबवलेल्या धान्याचं पाणी. कणकेची गोळीही बदलते. हातात कानाच्या पाळीसारखी लागणारी कणीक गार पाण्यात पाच मिनिटांत घट्ट होते. मग हिसका देताना गळाचं टोक गोळीतच अडकून राहतं आणि मासा नुसती गोळी थुंकून जातो. म्हणून थंडीत कणीक नेहमीपेक्षा सैल, गोळी वाटाण्याएवढी आणि टोक उघडं. सैल गोळी टिकावी म्हणून कापसाचे तंतू मिसळतात, ते चिमूटभरच, नाहीतर तेच टोकाला गुंडाळले जातात. गांडूळ असेल तर अख्खं न लावता ३-४ सेंटिमीटरचा तुकडा. कापलेल्या बाजूने रस सुटतो, तोच मासा ओढतो.

गळ ६ किंवा ८ नंबरवरून १४ वर आणायचा (नंबर वाढला की गळ लहान, हे नवख्यांना पहिल्यांदा उलटंच वाटतं). टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहायचं. रुतलं तर धारदार, घसरलं तर फेकायचा.

तरंग्याचा विषय थोडा सविस्तर, कारण थंडीत मासा चावतो आणि आपल्याला कळतच नाही. उन्हाळ्यात तरंगा सर्रकन बुडतो. गार पाण्यातला मासा आमिष उचलतो, तोंड मिटतो आणि तिथेच उभा राहतो. तरंगा दोन मिलिमीटर हलतो, इतकंच. किंवा तो बुडण्याऐवजी वर येतो, कारण माशाने दोऱ्यावरचा, गळाजवळचा शेवटचा शिशाचा छर्रा उचललेला असतो आणि तेवढा भार तरंग्यावरून उतरलेला असतो. हा उचल-चाव दिसायला तरंग्याची शेंडी बारीक हवी. हिशेब सोपा आहे. ०.१ ग्रॅमचा छर्रा उचलला गेला तर २ मिलिमीटर जाडीची शेंडी जवळपास ३ सेंटिमीटर वर येते. तोच छर्रा ५ मिलिमीटरच्या जाड शेंडीला जेमतेम अर्धा सेंटिमीटर उचलतो, आणि बारीक लाटांत तो कोणालाच दिसत नाही.

मांडणी अशी: एक ग्रॅम शिसं पेलणारा तरंगा, त्या शिशातलं पाऊण वजन मधल्या उंचीवर एकत्र, उरलेलं खाली विरळ, आणि शेवटचा ०.१ ग्रॅमचा छर्रा गळापासून १५ सेंटिमीटरवर. आधी गळाला जड शिसं अडकवून खोली मोजायची आणि मग आमिष तळाला जेमतेम टेकेल, छर्रा किंचित अधांतरी राहील असं लावायचं. छर्रेही एकेक वाढवत जायचं, शेंडी फक्त ५ मिलिमीटर बाहेर राहीपर्यंत. यात आळस केला आणि दोन सेंटिमीटर शेंडी बाहेर राहिली की माशाला तेवढा तरंगा ओढत न्यावा लागतो, आणि थंडीत तो तेवढे कष्ट घेत नाही.

टाकल्यावर तरंगा सरळ होऊन बसायला किती वेळ लागतो ते मोजून ठेवावं. समजा दहा आकडे. एखाद्या खेपेला बारा मोजले तरी तो बसला नाही, तर वाटेतच कोणीतरी आमिष धरलंय. हिसका द्यायचा, पण मनगटातून, काठी फूटभर उचलण्याइतका. खांद्यातून ओढला तर बारीक दोरा गाठीशीच तुटतो.

दोरा बारीक करावाच लागतो, कारण थंडीत शेवाळ ओसरतं, गाळ बसतो आणि पाणी नितळ होतं. मुख्य दोरा ०.३० वरून ०.२० मिलिमीटर, गळाजवळचा हातभर ०.१४ किंवा ०.१६. तो हातभर फ्लोरोकार्बनचा असला तर बरं. त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या जवळपास, पाण्याचा १.३३, आणि नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणून तो कमी चमकतो. पण तो ताठर असतो. गाठ ओली न करता आवळली तर घर्षणाने तापून कमजोर होते, आणि हे तुटल्यावरच कळतं. नायलॉनची थंडीतली खोड वेगळी: तो स्प्रिंगसारखा वेटोळी धरून रिळावरून सुटतो, फेक आखूड पडते आणि तरंग्यापर्यंत झोळ राहतो. निघण्याआधी फिरकी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली, किंवा तीसेक मीटर दोरा सोडून दोघांनी सावकाश ताणून धरला, की तो सरळ होतो. वेणीचा (बारीक तंतू विणून केलेला) दोरा मात्र थंडीत मला पटत नाही. तो ताणला जात नाही, त्यामुळे जेमतेम ओठात रुतलेला लहान गळ सुटून येतो. पारा शून्याखाली जातो तिथे तो पाणी शोषून काठीच्या कड्यांत गोठतो, ते वेगळंच.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाईवर. दोरा २ किलोचा तर अर्धा किलो, आणि हे अंदाजाने नको: काठी वाकवून दोऱ्याचं टोक ताणकाट्याला लावायचं आणि ५०० ग्रॅमला रीळ सुटतंय का पाहायचं. मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा, आणि बोचऱ्या वाऱ्यात पाण्याबाहेर फोटोचे सोहळे करू नयेत. जिथे ट्राउट असतो तिथे हा त्याच्या अंडी घालण्याचा काळ असू शकतो आणि तेव्हा बंदी असते, म्हणून नियम आधी पाहावेत.

ज्यांना थंडीत बसायचंच नाही त्यांनी सामान तरी नीट ठेवावं. काठी ओल्या कापडी पिशवीत गुंडाळून ठेवली की रोगणाला फोड येतात. भिंतीला टेकवून ठेवली तर वाकते, म्हणून उभी टांगावी. प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे आतली चिनी मातीची रिंग तडकलेली आहे, आणि हंगामात विनाकारण दोरा तुटत होता तो याच कड्याने. रीळ खाऱ्या पाण्यात वापरलं असेल तर ड्रॅग घट्ट करून सौम्य धारेखाली धुवावं. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. दातेरी चाकांना ग्रीस, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब. रिळाची मूठ उलटी फिरू न देणाऱ्या बेअरिंगला मात्र ग्रीस लावू नये, गारठ्यात ते दाटतं आणि नेमका हिसका देताना मूठ मागे गरकन फिरते.

दोरा उपड्या बाजूने दुसऱ्या फिरकीवर गुंडाळला की आतला न वापरलेला भाग वर येतो आणि आणखी एक हंगाम निघतो. रीळ वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा, नाहीतर महिनोन्‌महिने दाबलेल्या चकत्या चिकटून पुढच्या वेळी झटक्याने सुटतात. आणि रिळावर कागदाची चिठ्ठी लावायची, 'ड्रॅग सैल आहे'. नाहीतर नव्या हंगामातल्या पहिल्या माशाला हिसका दिला की दोरा नुसता सुटत राहतो आणि गळ रुततच नाही.